एका तासाच्या वाटेवर

“संध्याकाळचा दिवा लावलास ना, की आईजवळ जायचं आणि सांगायचं, तुमचा पुंडलिक एका तासाच्या वाटेवर हाय. रोज सांगायचं, जने. एक दिवस चुकवायचा नाय.”

कासूच्या फाट्यावर जीप धडधडत उभी होती, पुंडलिकचा एक पाय आत होता आणि एक बाहेर, आणि एवढ्यात त्याने हे सांगितलं. निघताना माणसं बायकोला काय काय बोलतात. याने तिला कामच लावून दिलं. पण जनीला ते बरं वाटलं. रोजचं काही करायचं असलं की रडायला सवड कमी मिळते, हे ती व्रतांमधून शिकली होती. तिचे सोमवार होते, संकष्टी होती, सकाळी तुळशीला पाणी घातल्यावाचून तोंडात घोट जात नव्हता. त्यात हे एक.

आता तो तास कुठून आला, ते आधी सांगायला हवं.

पुंडलिक रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत वेल्डर होता. शिफ्ट सुटली की रोहा स्टेशनात यायचा, गाडी पकडायचा, आणि तासाभरात कासूला घरात. त्याची आई पुतळी. तिचा जन्म खाडीकाठच्या खारेपाटात गेला, मिठागरात उन्हाने आणि मिठाने पायांच्या टाचा फुटून गेलेल्या. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण गाड्या कळत होत्या. रोह्याकडची गाडी स्टेशनात शिरली की ती ओट्यावरून आत ओरडायची, “तवा ठेव गो जने, पोर उतरला.” आणि भाकरी फुगेपर्यंत पोर दारात. पुतळीच्या लेखी तास म्हणजे एवढाच. हाक मारली की ऐकू येईल, त्याच्या थोडा पलीकडे.

मग ती कंपनी बंद पडली. पुंडलिकने चार महिने इकडेतिकडे बघितलं, आणि शेवटी पेणच्या दिनानाथकडे जाऊन आला. दिनानाथचं फोनचं दुकान, तिथेच विमानाची तिकिटं काढून द्यायचा. मस्कतला वेल्डर पाहिजे होते.

पुतळीने ऐकलं आणि जेवण सोडलं. “दर्यापलीकडं नाय जायचा माझा पोर,” एवढंच तिचं म्हणणं. तिच्या नवऱ्याचा, पुंडलिकच्या बापाचा, मिठाचा मचवा खाडीतून समुद्रात गेला होता, तो परत आलाच नव्हता. ना मचवा, ना माणूस. त्याच्या तोंडात पाणी पडलं की नाही, कुणी घातलं, हे त्या बाईला जन्मभर कळलं नाही. वर्षातून एकदा ती पितृपक्षात खाडीवर जायची आणि ओंजळभर गोडं पाणी खाऱ्यात सोडून यायची. त्यामुळे तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

तिकीट आलं त्या दिवशी पुंडलिक ते घेऊन तिच्यासमोर बसला. “आये, हे बघ, छापलेलं हाय. मुंबईतनं विमान निघतं रात्री आठ वीसला. मस्कतला टेकतं साडेनऊला. किती झाले?”

शेजारची हौसा पदराला हात पुसत आली होती. पुंडलिकचा चुलतभाऊ मोरू बोटं मोडत मोजू लागला. “तास. आणि वर धा मिनटं.”

“धा मिनटं स्टेशनातनं घरी चालत येयाला लागतात तीच,” पुंडलिक म्हणाला. “रोह्याएवढंच झालं.”

“मेल्या, मग जेवायला रोज घरीच येत जा की,” हौसा म्हणाली, “उगा तिकडं खानावळीला कशाला घालतोस?”

सगळे हसले. पुतळी हसली नाही, पण तिने तिकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि विचारलं, “तासाची वाट म्हणतोस? खरं?”

“तुझ्या पायाची आण.”

खोटं कुणीच बोलत नव्हतं. छापलेलं होतं तेच तो वाचत होता. कासूत आठ वाजले म्हणजे जगात आठ वाजले, याबद्दल त्या ओट्यावर कुणाच्या मनात शंका नव्हती.

“तासाच्या वाटेला काय नाय म्हनू,” पुतळी म्हणाली. “जा. पन माझ्या तोंडात शेवटचं पानी तुझ्या हातचं पडाया पायजे. तासावर हायस, मग सबब नाय चालायची.”

पुंडलिकने तिच्या गुडघ्याला हात लावून शब्द दिला.

तो गेला त्या संध्याकाळी जनीने मनाशी एक नेम धरला. विमान आभाळात असेल तोवर पाणी प्यायचं नाही. आठ वीसला ती देवासमोर बसली. जप चालू होता, पण डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होता आणि त्याची तिला लाज वाटत होती. साडेनऊ वाजले. तिने हात जोडले, माठातून दोन फुलपात्रं भरली, एक सासूला दिलं, एक आपण प्यायली. घशाखाली गार पाणी उतरलं आणि अंगातलं सगळं भय निघून गेलं.

“टेकलं विमान,” ती म्हणाली.

“रोह्याला पोचला म्हनजे,” पुतळी म्हणाली, आणि कुशीवर वळली.

मग रोजचं चालू झालं. दिवा लावायचा, तुळशीला ओवाळायचं, सासूजवळ जाऊन बसायचं. “आई, ते एका तासाच्या वाटेवर हायत.”

“व्हय?”

“व्हय.”

“मग पडते जरा.”

कधी पुतळी उलट विचारायची, “आज काय खाल्लं असंल गो त्यानं?” कधी नुसतं “हूं” करायची. पण एखाद्या दिवशी जनी चुलीत गुंतली, दिवा लावून तशीच आत गेली, तर बाहेरून हाक यायची, “जने, आज तास लांबला का गो?” महिन्यातून एका रविवारी दिनानाथच्या दुकानात पुंडलिकचा फोन यायचा. जनी पेणला जायची. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, “सांगतेस ना रोज?” आणि तिचं उत्तर ठरलेलं, “सांगते.” एवढ्यात अर्धा वेळ जायचा.

दुसऱ्या वर्षी नवरात्र झालं आणि पुतळीने अंथरूण धरलं. पाय सुजले, मग सूज वर चढली. झोपलं की धाप लागायची, म्हणून भिंतीला उशा लावून बसती झोप. पेणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. “मिठागरातलीचंच मीठ बंद केलं रं त्यांनी,” पुतळी मोरूला म्हणाली, आणि स्वतःच खुदकन हसली. जन्म मिठात घालवलेली बाई ती, अळणी पेज तिच्या तोंडात फिरायची नुसती.

हौसा रोज सांगायची, “जने, बोलव गो पुंडल्याला. मला काय हिचं लक्षण बरं दिसत नाय.”

जनीच्या मनात तेच होतं. पण पुतळीच आडवी आली. “अजाबात बोलवायचं नाय. करार का काय तो माघात संपतोय ना? मधीच आला तर काम जाईल हातचं. धाटावचं गेलं तसं. तासाची तर वाट हाय. डाक्टर बोलंल तवा हाक मारू. येल तो.”

आणि जनीला ते पटलं. पटलं म्हणजे, तिला ते पटवून घ्यायचं होतं. घरात पायलीभर तांदूळ असला की उद्याचं भय वाटत नाही, तसा तो तास घरात होता. तो वेळेला काढता येणार होता. आज कशाला काढा?

कार्तिकात तुळशीचं लग्न झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी येऊन बघून गेले, ओट्यावर चपला घालताना हळू आवाजात जनीला म्हणाले, “कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.”

जनीने सासूला हौसाच्या हवाली केलं आणि मिळाली त्या एसटीने पेण गाठलं. तिला भीती वाटली नाही. उलट पाय भराभर पडत होते. वेळ आली होती आणि वेळेसाठी ठेवलेली गोष्ट जागेवर होती. दुपारी फोन केला तर तो रात्रीच्या भाकरीला घरात, असंच ती धरून चालली होती.

फोन लागला. कुणीतरी हिंदीत बोललं, मग बराच वेळ नुसती खरखर, मग पुंडलिक.

“आईंना बरं नाय. डॉक्टर म्हणाले बोलवा.”

 तो म्हणाला, “आत्ताच साहेबाकडं जातो. तू तिथंच थांब.”

ती थांबली. दिनानाथने स्टूल दिलं, चहा मागवला. तिचा सोमवार होता, तिने कप तसाच ठेवला. समोरच्या भिंतीवर विमानाचं मोठं चित्र होतं, पांढरंशुभ्र, ढगांच्या वर. ती त्याच्याकडे बघत बसली. उन्हं रस्त्याच्या पलीकडच्या दुकानांवर गेली तेव्हा फोन वाजला.

“जने, पासपोर्ट त्यांच्याकडं ठेवलेला असतो. सही मोठ्या साहेबाची लागते. आणि मोठा साहेब हाय बाहेरगावी.”

“मग दुसरा कुणी?”

“दुसरा नाय.”

“तुम्ही विमानतळावरच जा ना. त्यांना सांगा, आई अशी हाय, तासाभराचं तर काम हाय. माणसंच असतील ना ती पण?”

“असं नाय होत गो.” त्याचा आवाज बारीक झाला होता, एवढ्या मोठ्या माणसाचा. “जने, आईला काय सांगतेस?”

“तुम्ही सांगितलंय तेच.”

 मग लाइन गेली. दिनानाथने दोन-तीनदा बटणं दाबून बघितली आणि मान हलवली.

जनीने पदर नीट केला. ती तशी मोठ्याने बोलणारी बाई नव्हती, पण आता तिचा आवाज दुकानात सगळ्यांना ऐकू गेला. “तासाच्या वाटेवरचा माणूस, आणि त्याला येता येत नाय?”

“कसला तास, वहिनी?”

“विमानाचा. तुम्हीच तिकीट काढलंत ना? आठ वीस, साडेनऊ.”

दिनानाथ चष्म्याआडून तिच्याकडे बघत राहिला. त्याला हसू आलं नाही, हे त्याचं चांगुलपण. तो म्हणाला, “वहिनी, साडेनऊ तिथले. तिथलं घड्याळ आपल्या मागे असतं, दीड तास. आपल्याकडे अकरा वाजतात तेव्हा तिथे साडेनऊ. विमानाला पावणेतीन तास लागतात. साडेपंधराशे किलोमीटर आहे मस्कत. नागपूरला जाऊन परत या, साधारण तेवढं.”

जनीला एकेक शब्द कळला, पण सगळं मिळून कळायला वेळ लागला. “म्हणजे आमच्या घड्याळात साडेनऊ वाजले तेव्हा?”

“तेव्हा पुंडलिकराव समुद्रावर असणार. वरती.”

“मी पाणी प्यायले,” जनी म्हणाली.

दिनानाथला त्याचा अर्थ लागला नाही. मग उगाच, काहीतरी सांगायचं म्हणून म्हणाला, “येतानाचं तिकीट बघितलंत तर अजून चक्रावाल. तिथून सकाळी दहाला निघतं, इथे सव्वादोनला पोचतं. चार तासांच्या वर दिसतं.”

“जायला एक, यायला चार?”

“तसं दिसतं फक्त. खरे दोन्हीकडून पावणेतीनच. वहिनी, पावणेतीन तास म्हणजेही काही नाही हो. उशीर विमानाला होत नाही. उशीर सगळा जमिनीवर होतो.”

एसटीत बसल्यावर तिने खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. दिनानाथ म्हणाला, तसं दिसतं फक्त. तिला मात्र वाटलं, दिसतं तेच खरं असेल. जायला एक आणि यायला चार. जाणं सोपं असतं म्हणूनच तर माणसं जातात. दीड वर्ष ती रोज एका म्हाताऱ्या बाईला तो तास सांगत होती, आणि त्या सांगण्यावर विसंबून त्या बाईने मुलाला बोलावलं नव्हतं. आणि ती स्वतः? तिने तरी कुठे बोलावलं? हौसा ओरडून सांगत होती नवरात्रापासून. तेव्हा हाक मारली असती तर साहेब बाहेरगावी नसता. असता तरी परत यायला सवड होती.

घरी आली तोवर दिवेलागण झाली होती. हात-पाय धुऊन तिने दिवा लावला, तुळशीला ओवाळलं, आणि सासूजवळ जाऊन बसली. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

पुतळीने वाट बघितली. धाप टाकत टाकत शेवटी तिनेच म्हटलं, “एका तासाच्या वाटेवर हाय पोर.”

“व्हय,” जनी म्हणाली.

“हाक मारलीस?”

“मारली.”

“मग तवा ठेव.”

जनी उठली आणि तिने खरोखर तवा ठेवला. दुसरं काय करणार? हौसा चुलीपाशी बसून पदराने डोळे टिपत होती. रोह्याकडची गाडी आली, थांबली, गेली. पुतळीची मान दाराकडे होती. भाकऱ्या झाल्या, टोपल्यात झाकून ठेवल्या, गार झाल्या. “चुकली असंल,” पुतळी म्हणाली. “दुसरीनं येल.”

तसे तीन दिवस गेले. रोज गाडी आली की मान वळायची. पाणी पाजायला गेलं की ओठ मिटायची. “आत्ता नको. तो आल्यावर.” जनी कापसाने ओठ ओले करायची, तर तेही तिचं तिलाच चोरीसारखं वाटायचं. मोरू तीनदा पेणला जाऊन फोन करून आला. साहेब आला नव्हता. मग साहेब आला होता, पण सही व्हायची होती. मग सही झाली होती, पण विमानात जागा नव्हती. दर वेळी मोरू ओट्यावरच बसायचा, आत यायचा नाही. पुतळीने विचारलं तर काय सांगणार?

जनीने जप वाढवला. तुळशीभोवती फेऱ्या घातल्या. मागणंही कमी कमी करत आणलं. आधी तिने मागितलं, आई बऱ्या होऊ देत. मग, ते पोचेपर्यंत राहू देत. मग नुसतं, त्यांना त्रास नको. देवाशी घासाघीस करायची नसते हे तिला कळत होतं, पण हात जोडले की तोंडातून तेच निघायचं.

चौथ्या दिवशी पहाटे पुतळीची धाप एकाएकी शांत झाली. डोळे स्वच्छ झाले. दिवा विझायच्या आधी मोठा होतो म्हणतात, तसं. तिने जनीला खुणेने जवळ बोलावलं.

“जने, तास नवता ना गो तो?”

जनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तिला खोटं बोलवेना, आणि खरं बोलायचीही तिच्यात ताकद नव्हती. तिने नुसती मान हलवली, नव्हता म्हणून.

“मला कवाच कळलंवतं,” पुतळी म्हणाली. “रोह्याला असता तर एकदा तरी आला असता का नाय जेवायला? पन तू सांगायचीस ते बरं वाटायचं.” मग बराच वेळ तिने श्वास गोळा केला. “ऐक. त्याला वरती असताना सांगू नको.”

“काय, आई?”

“मी गेले ते. तिकडं परमुलखात नको, आनि त्या इमानात तर नकोच. तितं त्याला धरायला कोन हाय? पाय भुईला लागूंदेत त्याचे. तू समोर उबी रहा. आदी घरचं पानी पाज. मग सांग. तूच सांग, दुसऱ्या कुनी नाय. सांगशील?”

“सांगेन.”

“माझा मानूस पान्यावर गेला. कुनी धरायला नवतं त्याला.”

एवढं बोलून तिने तोंड उघडलं. स्वतःहून. जनीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने देवाजवळची लोटी आणली, तुळशीचं पान टाकलं, आणि पुंडलिकचं नाव घेऊन पाणी घातलं. पहिला घोट गेला. दुसरा ओठाच्या कडेने खाली आला. उजाडताना रोह्याकडची पहिली गाडी स्टेशनात शिरली, तेव्हा पुतळीची मान वळली नाही.

अग्नी मोरूने दिला, खाडीच्या बाजूला. संध्याकाळी माणसं आंघोळी करून ओट्यावर बसली होती, आत पुतळीच्या जागेवर पीठ पसरून दिवा ठेवला होता, तेवढ्यात दिनानाथची स्कूटर आली. तो हसतमुखाने उतरला, दोन पावलं आला, आणि ओट्यावरची माणसं बघून जागीच थांबला. त्याने टोपी काढली.

“जागा मिळाली,” तो म्हणाला. “उद्याच्या सकाळच्या विमानाची. ते सांगायलाच आलो होतो.”

हौसा आतल्या आत म्हणाली, “रांडेचा हा साहेब.”

“आज आठला पुन्हा फोन येणार आहे त्यांचा,” दिनानाथ म्हणाला. “निरोप पोचला का विचारायला. मी काय सांगू?”

“सांगायचं काय, सांगून टाका,” मोरू म्हणाला. “त्याची आई हाय. त्याला कळायला नको?”

“सांगू नका,” दाराआडून जनी म्हणाली.

मोरूने वळून बघितलं. “वैनी, हे बरोबर नाय. उद्या तो म्हनंल, गावाला ठावं आनि लेकाला नाय. मला तोंड दाखवायला जागा राहील का? अग्नी मी दिलाय.”

“मी शब्द दिलाय.”

“मेल्या मानसाला?”

“जिवंत होत्या तेव्हा दिलाय,” जनी म्हणाली. “दिनानाथभाऊ, तुम्ही एवढंच सांगा, जनी सहारच्या विमानतळावर घ्यायला येतेय.”

“आणि आईचं विचारलं तर?”

“तरी तेवढंच सांगा.”

दिनानाथने चष्मा काढून पुसला. “वहिनी, तुम्ही कधी गावाबाहेर जात नाही. तुम्ही येताय म्हटल्यावर त्यांना कळेल.”

हे जनीच्या ध्यानात आलं नव्हतं. ती उभी राहिली, दाराच्या चौकटीला धरून. कळलं तर कळलं, असं म्हणायची सोय नव्हती. पुतळीला शब्द दिला होता तो त्याला एकटं न ठेवण्याचा. आणि आता ती येतेय म्हटलं तरी कळणार होतं, आईचं काही सांगितलं नाही तरी कळणार होतं, आणि दोन्हीकडून पावणेतीन तास तो एकटाच बसणार होता, ढगांच्या वर, दोन्ही बाजूंना परकी माणसं.

“मग काहीच सांगू नका,” ती म्हणाली. “म्हणावं, निरोप पोचला. या.”

दिनानाथने मान डोलावली. “दहाला निघतं ते,” तो जाता जाता म्हणाला. “म्हणजे आपले—”

“साडेअकरा,” जनी म्हणाली.

पहाटे ती उठली. सुतकात पूजा नव्हती, तुळशीला हात लावायचा नव्हता. दीड वर्षात नव्हे, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिचे हात सकाळच्या वेळी रिकामे होते. माठातलं पाणी तिने बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं. दोन भाकऱ्या घेतल्या. पुंडलिक खाईल असं तिला वाटलं नाही, तरी घेतल्या.

हौसा दिव्याला जागी राहिली होती. “सुतकात असं निघतात का गो? आनि एकटी? मोरू जाईल की.”

“आईंनी मला सांगितलंय.”

“सहार कुठं ते तरी ठावं हाय का?”

“विचारत जाईन. पनवेल, मग सायन, मग पुढं कुणीतरी सांगेल.”

“आनि तो आधीच समजून बसला असंल तर?”

“तरी समोर कुणीतरी उभं असायला पाहिजे ना, हौसाबाय.”

 हौसाने डब्यातला गूळ काढून पिशवीत टाकला. “वाटंत पानी तरी पी मग. दुपार व्हईल तुला.”

“साडेअकरापर्यंत पिईन,” जनी म्हणाली. “मग ते बाहेर आल्यावर.”

हौसाला काही कळलं नाही. जनी पुतळीच्या दिव्यापाशी वाकली. वात पुढे सारली, तेल घातलं. सवयीने ओठ हलले, एका तासाच्या… आणि थांबले. तिने दिव्याला हात जोडले, “दिवा सांभाळ,” असं हौसाला हळू सांगितलं, आणि पिशवी काखेला लावून ती फाट्याकडे चालू लागली. रस्ता ओला होता दवाने. मागे रोह्याकडची गाडी स्टेशनात शिरल्याचा आवाज आला. तिने मान वळवली नाही. बाटली फडक्यात हलत होती, ती तिने एका हाताने धरून ठेवली.